तंबू काढायचा नाही

कॅम्पिंगचा विषय निघाला की मला माझ्या सासूबाईच आठवतात. दोन हजार चारच्या उन्हाळ्यात त्या भंडाऱ्याहून आमच्याकडे अमेरिकेत आल्या होत्या. त्यांना घेऊन आम्ही ड्राइव्ह करत पार उत्तर मिनेसोटात, कॅनडाच्या बॉर्डरजवळ गेलो आणि एका तलावाकाठी तंबू लावला.

सकाळी मी चहा ठेवला होता, तेवढ्यात शेजारच्या तंबूतला माणूस आला. माझ्या नवऱ्याला म्हणाला, "ही जागा तुमच्यासारख्यांची नाही. म्हाताऱ्या बाईचे हाल कशाला करता? मागे गावात मोटेल आहे, तिथे जा."

संजय कसंनुसं हसला आणि चक्क तंबूच्या खुंट्या उपटायला लागला.

"काय म्हणाला गं तो?" सासूबाईंनी मला विचारलं. मी जसंच्या तसं सांगितलं.

"संजू, ती खुंटी परत ठोक," त्या म्हणाल्या. चष्मा माझ्या हातात दिला, पदर कमरेला खोचला आणि सरळ पाण्यात शिरल्या.

"आई, पाणी बर्फासारखं आहे," म्हणत संजय मागे धावला. पण वैनगंगेत पोहायला शिकलेली बाई ती. सावकाश हात मारत समोरच्या खडकापर्यंत गेल्या. इकडे माझा जीव टांगणीला लागला होता. खडकाला हात लावून त्या तशाच परत आल्या. तो माणूस काठावर बघत उभा होता.

थंडीने त्यांचे दात वाजत होते, पण आवाज ठाम होता. "संजू, सांग त्याला, आम्ही रविवारपर्यंत इथेच आहोत. पोहायला येत नसेल तर शिकवीन म्हणावं."