राहिलेलं भाषण

अवॉर्ड मिळालं तेव्हा काय बोललास म्हणून विचारताय, पण मला बोलू कुठे दिलं?

दरवर्षी तो देशभरातल्या संगीताचा अवॉर्ड सोहळा असतो ना, तिथे मी कीबोर्डवर असतो. कोणाचं भाषण लांबलं की धून वाजवून त्याला खाली उतरवायचं, हे माझं काम. धूनही मीच बसवलेली. यंदा म्युझिक अरेंजर म्हणून अवॉर्ड मलाच लागलं. कीबोर्ड माझ्या हाताखाली शिकणाऱ्या टिटवाळ्याच्या सुन्याच्या ताब्यात देऊन मी वर गेलो. आईबाबा झाले, गुरुजी झाले. मग बाळकुमच्या आमच्या सोसायटीच्या चेअरमनचे आभार मानत होतो, तेवढ्यात मागून धून सुरू.

खाली येऊन सुन्याला धरलं. "अरे, बायकोचं नाव राहिलं ना."

"दादा, तुम्हीच शिकवलंय. माणूस सोसायटीवर आला की उतरवायचा."

बायको घरी टीव्हीसमोरच बसलेली. चेअरमनचं नाव तिने नीट ऐकलेलं. भांडली मात्र नाही. फक्त तेव्हापासून मी घरात जरा बोलायला लागलो की ती तीच धून गुणगुणते.

धून चांगली बसवलीय मी. लगेच गप्प होतो.