पिन वरून का दिली?

पावती मागून फाडा हो भाऊ, आधी हातात घेऊन बघा तरी. आणि आजी म्हणू नका, मावशी म्हणा — म्हणजे झाले मी आजी, महिना झाला, पण ते तुम्हाला कुठं माहीत! हां, हे बघा. कानाचं मशीन. आमच्या मालकांचं. खिशात ठेवायचं, ही वायर वर जाते, हे बोंड कानात. आठ दिवस झाले, डब्यात टाकून दिलंय त्यांनी. पिन ढिली झाली म्हणे, ऐकू येत नाही. होणारच ढिली! मला एक सांगा, पिन खुपसायची जागा ह्याच्या डोक्यावर कुणी दिली? ज्याने दिली त्याने एक दिवस तरी खिशात घालून बघितलं का? माणूस चपलेत अंगठा घालायला वाकला की वायर मोडते, ताटावर वाकला की मोडते, बनियनच्या गळ्यात अडकते ती वेगळीच. खाली द्यायची, बाजूला द्यायची — एवढा काड्यापेटीच्या दुप्पट डबा, त्याच्यात दुसरी जागा नव्हती? आणि हे चाक बघा, आवाज कमी-जास्त करायचं. बरोबर खिशाच्या शिवणीपाशी! शिवण घासली की चाक फिरलं. शेजारच्या सखुबाईचा सासरा वारला, त्याचा जलदानविधी, भंतेजी बोलताहेत, सगळे मान खाली घालून बसलेत — आणि आमच्या मालकांच्या छातीतून कुंईंईंई! लोकांनी कुणाकडे बघितलं? माझ्याकडे. जशी काही मीच शिट्टी मारली.

नाही नाही, भांडायला नाही आले. तुम्ही थोडंच बनवलंय. पण कंपनीचा माणूस येत असेल ना तुमच्याकडे, टाय लावून, बॅग घेऊन? त्याला सांगा, सातपूरच्या लताबाईने विचारलंय. आणि हे बटण — हे, तिळाएवढं — हेही वरच. त्याच्यावर अक्षरं इंग्रजी, तीही मुंगीच्या पायाएवढी. मी चौथी शिकलेय, मराठी खडाखडा वाचते, पण हे? आणि मशीन खिशात, म्हणजे बटण दिसतच नाही. चालू का बंद, कसं कळायचं? मिक्सर चालू असला की ओरडतो. टीव्हीला लाल ठिपका असतो. इस्त्रीलासुद्धा दिवा असतो भाऊ, इस्त्रीला! आणि ह्याला नाही. म्हणून मी काय म्हणते, पिन तर नीट कराच, पण इथं पुढून एक दिवा लावून द्या. लहानसा. लाल. खिशाच्या कापडातून दिसेल असा. — होत नाही? का होत नाही? — हसता कशाला? समोरचा माणूस ऐकतोय का नाही एवढं बायकोला कळायला नको?

कशाला हवंय म्हणजे! पंचवीस वर्षं प्रेसवर काम केलं त्यांनी, पत्रा ठोकायच्या. धाड धाड धाड, बारा-बारा तास. आधी एक कान गेला, मग दुसरा. सात-आठ वर्षं झाली, ठार बहिरे. मी सुरुवातीला ओरडायचे. मी ओरडले की ह्यांना काही कळायचं नाही, आणि अख्ख्या गल्लीला सगळं कळायचं. मग सोडून दिलं. मग मी काय करायला लागले — सांगते, तुम्ही आपलं खोला ते मशीन, हात चालू ठेवा — भाकऱ्या थापताना बोलायला लागले. तोंड गॅसकडे, पाठ ह्यांच्याकडे. मनात येईल ते. शिव्या तर रोजच्या. लय बरं वाटायचं, खोटं कशाला सांगू. मध्ये कुणी बोलत नाही, कुणी उठून जात नाही. 'तुझी आई गेली तेव्हा मला रडू येत नव्हतं, मी डोळ्याला कांदा लावला होता' — हेसुद्धा सांगून टाकलं एकदा. ते आपले ताटावर बसलेत, मला पाठीमागून चावल्याचा आवाज येतोय.

आणि रोशनीचं. रोशनी आमची मुलगी. तिचं नाव घरात घ्यायचं नाही, चार वर्षं झाली. नांदगावच्या मुलाशी लग्न ठरलं होतं, हळदीला चार दिवस होते, आणि ही गेली दिनेशबरोबर. दिनेश केबलवाल्याचा माणूस. आता ऐका, तुमच्याच धंद्याचं आहे — टीव्हीला केबलची तार लावायची जागा कुठं असते? मागे. टीव्ही कुठं असतो? भिंतीला लागून, शोकेसमध्ये. म्हणजे तार ढिली झाली की माणूस बोलवा, टीव्ही ओढा, मागे शिरा. आत अंधार, म्हणून बॅटरी धरायला कुणीतरी लागतंच. कोण धरणार? मी भाकऱ्या थापतेय, बाप कामावर, भाऊ क्लासला. रोशनी धरायची. मला कुठं माहीत, तार दर पंधरा दिवसांनी ढिली कशी होते! ते पुढे दिलं असतं ना, व्हीसीआरसारखं, समोर, उजेडात — तर माझी पोरगी आज नांदगावला असती. दिनेश वाईट नाही हो. चहा करतो, तिला विचारतो साखर किती. पण मालकांची मान खाली गेली. हळदीचा मांडव त्यांनी स्वतः सोडला, एकेक बांबू. म्हणाले, ह्या घरात तिचं नाव निघालं तर मी भिंतीवर डोकं आपटीन. ऐकू येत नसलेला माणूस, आणि म्हणतो नाव काढू नका! मी रोज काढलं. रोज, त्यांच्या पाठीला पाठ लावून. दर गुरुवारी पीसीओवरून तिला फोन करायचे आणि संध्याकाळी सगळं भाकरीबरोबर सांगायचे — खोली बदलली, जेलरोडला गेले, दिवस गेलेत, सातवा लागला.

मग दिवाळीला मुलाने हे मशीन आणलं. नवनाथने, हौसेने, बापाला टीव्हीच्या बातम्या ऐकू याव्यात म्हणून. बातम्या लागल्या की मालक वर अंगठ्याने खट् करायचे, बातम्या संपल्या की परत खट्. म्हणजे बंद. असं मी धरून चालले. माझं बोलणं कशाला ऐकतील ते! मी आपली चालूच. गेल्या महिन्यात रोशनीचं सिझर झालं. पहिलं बाळंतपण माहेरी असतं भाऊ. माझ्या पोरीचं भाड्याच्या खोलीत झालं. मी भावाकडे जाते सांगून दोन दिवस राहून आले. मुलगा झाला. पुढे तिचा एक टाका पिकला, ताप भरला, आणि मी इकडे पिठात हात घालून सांगतेय — टाका पिकलाय, सुटत नाही, माझा जीव थाऱ्यावर नाही, आणि तू गिळ, तू गिळ वांगं.

आणि मागच्या मंगळवारी, जेवताना, मान वर न करता, मालक म्हणाले, 'टाके सुटले का?'

माझी भाकरी तव्यावर जळाली. मी वळले. वायर कानात! मी हाताने विचारलं, काय, कुणाचे? तर त्यांनी बोंड उपसून काढलं, मशीन डब्यात टाकलं, 'पिन ढिली आहे' म्हणाले, आणि हात धुतले. तेव्हापासून आठ दिवस, एक शब्द नाही. भांडत नाहीत, आपटत नाहीत. जेवतात आणि ओट्यावर जाऊन बसतात. म्हणजे बघा, दिवाळीपासून बटण चालूच! कांद्याचं मी परवाच पुन्हा काढलं होतं, तेही ऐकलं, शिव्याही ऐकल्या, सगळंच. आता तुम्ही म्हणाल, मग चांगलंच झालं की. काय चांगलं? तो प्रश्न रागाचा होता का काळजीचा, हे कुठं कळतंय? बहिऱ्या माणसाचा आवाज एकाच पट्टीत असतो हो. 'मीठ दे' म्हणतो त्याच आवाजात 'मर जा' म्हणतो. राग असेल तर पोरीला दारात उभी करून तमाशा करायचा का? आणि काळजी असेल, तर मी तिला अजून तिथं कशाला ठेवलीय? उद्या गुरुवार. उद्या मला फोनवर तिला सांगायचंय, ये, नाहीतर नको येऊ. म्हणून हे आज नीट पाहिजे. आज त्यांच्या कानात घालणार, समोर बसणार आणि विचारणार.

काय झालं? बघू. — हे हिरवं काय आहे? — घाम? घामाने? — हां, बरोबर, जागा वर, वर गळा, सगळा घाम सरळ आत. तेच तर मी कधीची सांगतेय! पुसा मग. — पुसून नाही होणार? आतली तारच खाल्लीय? म्हणजे आत्ता, आठ दिवसांत? — दोन महिने लागतात एवढं खायला? म्हणजे होळीपासून? नाही भाऊ, तुम्ही चुकताय. नीट बघा, चष्मा लावा. मागच्या मंगळवारपर्यंत चालू होतं. — काहीच जात नव्हतं? थोडंसुद्धा? नुसतं खरखर तरी? — तेही नाही.

मग होळीपासून बातम्या बघून मान कुणाला हलवत होता हा माणूस? नवनाथला! पोराने हौसेने आणलं, बिघडलं कसं सांगायचं, म्हणून मान हलवायची. वायर घालून बसायचं. बरं. बरं, ते राहू द्या. मग टाके? पोराचा जन्म होळीनंतरचा. टाके होळीनंतरचे. माझं ऐकूच आलं नाही, तर टाके कुणी सांगितले? गल्लीत कुणाला माहीत नाही. नवनाथला मी सांगितलेलं नाही, त्याच्या बायकोच्या तोंडात तीळ भिजत नाही. मला माहीत, दिनेशला माहीत आणि —

थांबा. परवा त्यांचा सदरा धुताना खिशात वेखंड निघालं. वेखंड! मी म्हटलं पोट दुखत असेल म्हाताऱ्याचं. वेखंड बाळाला लावतात हो. आणि रोशनी — चार वर्षं फोन उचलला की पहिला प्रश्न, 'आई, बाबा कसे आहेत?' गेल्या महिनाभरात एकदा विचारलं नाही तिने. एकदा नाही! मी म्हटलं, बाळाच्या नादात विसरली. विसरते कशाला, बाप समोर बसलेला असेल ना मांडीवर नातू घेऊन! जुन्या कामगारांकडे जातो, म्हणून जायचा बस धरून. जेलरोडला! मी भावाचं नाव सांगून चोरासारखी दोन दिवस काढून आले आणि हा खुशाल पेन्शनरासारखा येतोय-जातोय. जीभ घसरली, 'टाके सुटले का' निघून गेलं तोंडातून, आणि मग मला घाबरून मशीन डब्यात. मला घाबरला! आणि ती पोरगी, माझ्या पोटची, तिनेही नाही सांगितलं.

त्याला ऐकू कसं येतं तिचं? येतं. तिचं येतं. लहानपणापासून ती त्याच्यासमोर मांडी घालून बसायची, तोंडाला तोंड, हळू हळू बोलायची, हाताने दाखवायची. त्याला ओठ वाचता येतात. तिचे येतात. माझे कसे येणार — मी पाठमोरी.

नाही हो, डोळ्यात काही नाही गेलं. तुमच्या त्या डाग द्यायच्या धुराचं आहे, पंखा लावा. आठ दिवस मी घाबरले होते, हे खरं. भाकरी गिळवत नव्हती. पण एक मात्र वाटत होतं भाऊ, काय वाटत होतं, की ऐकलं कुणीतरी. पंचवीस-तीस वर्षांचं सगळं, कांद्यापासून टाक्यापर्यंत, एका माणसाच्या कानात गेलं. आता तुम्ही म्हणता होळीपासून गेलंच नाही, आणि त्याआधी तर बातम्या संपल्या की बंदच. हिरवं झालं, आत राहिलं.

जाऊ द्या. तुम्ही जोडा. — नवीन जागा करता? खाली करा मग, ह्या बाजूला, वरचं बुजवून टाका मेणाने नाहीतर कशाने. घाम खाली उतरत जातो, आत शिरत नाही. बघा, सुचलं का नाही चौथी शिकलेल्या बाईला! दिवा नको आता. दिव्याचं काही काम नाही, मी समोरच बसणार आहे.

झालं? तुम्ही घालून बघता? घाला. — मी बोलू? ह्याच्यात? काय बोलू? — काहीही?

…

काढा ते कानातून. तुमच्यासाठी नाही ते. द्या इकडे.