दुधाच्या कॅनच्या कारखान्यातली रायफल

सन्माननीय अध्यक्षा ट्वायला बेनिंगबाई, त्यांच्या शेजारी बसलेले आपल्या गावच्या संग्रहालयाचे प्रमुख श्री. गेलॉर्ड फिंच, आजचे सत्कारमूर्ती आणि आपल्या क्लबाचे मुख्य परीक्षक श्री. रॉइस हॅवरकँप, हा हॉल दरवर्षी आनंदाने देणारे माजी सैनिक, आणि तळलेल्या कोंबडीचा समाचार घेऊन आता केककडे डोळे लावून बसलेल्या माझ्या रायफलवेड्या बंधुभगिनींनो,

रॉइस शनिवारी ॲरिझोनाला कायमचे राहायला जात आहेत. त्यांच्या कार्याचा गौरव चार शब्दांत करावा, असं मला समितीनं सांगितलं. "डॉक्टर, थोडक्यात आणि गोड बोला," असंही बेनिंगबाई म्हणाल्या. थोडक्यात बोलतो. गोडाचं मात्र मी आयुष्यभर लोकांना पथ्य सांगत आलो, दातांचा डॉक्टर ना मी.

रॉइस यांचं कार्य कोणतं? ते जुन्या लष्करी रायफली शुद्ध करतात. आज सुना-जावई आलेत, त्यांच्यासाठी सांगतो. महायुद्धात सैन्याला छोट्या रायफली लाखांनी हव्या होत्या, म्हणून सरकारनं टाइपरायटरवाल्यांना, गाण्याच्या पेट्या बनवणाऱ्यांना, ज्याच्याकडे लेथ होता त्या सगळ्यांना कामाला लावलं. एकाचा भाग दुसऱ्याच्या रायफलीत बसलाच पाहिजे, हा नियम. युद्धानंतर लष्करी कारखान्यांत त्या खोलल्या, धुतल्या, आणि हाताला लागेल तो भाग लावून पुन्हा जोडल्या. सैन्याला त्याचं काही वाटलं नाही. ज्यांचा जीव त्या रायफलीच्या भरवशावर होता, त्यांनाही काही वाटलं नाही.

वाटलं ते आपल्याला! आपल्याला एका रायफलीत एकाच कारखान्याचे भाग लागतात. तसे नसले की आपण ते उपटून दुसरे बसवतो आणि म्हणतो, आता ही शुद्ध झाली. मंडळी, लोकांचे चांगले दात उपटून एकाच साच्यातली कवळी बसवली असती, आणि वर 'हे तुमचे मूळचे दात' असा दाखला दिला असता, तर मला तुरुंगात टाकलं असतं. इथं त्याला टाळ्या पडतात. बेनिंगबाई, पाणी नको मला, मी ठीक आहे.

आता मूळ गोष्टीकडे येतो.

स्वयंपाकघराच्या दाराजवळच्या टेबलाशी चाकाच्या खुर्चीत ॲडेला टेसारिकबाई बसल्या आहेत. त्यांना माझ्या पाहुण्या म्हणून मी आणलं. शेजारी त्यांची मुलगी मार्लिस. ॲडेलाबाई आता नव्याण्णव वर्षांच्या आहेत. विशीच्या आत होत्या तेव्हा नदीकाठच्या दुधाच्या कॅनच्या कारखान्यात कामाला होत्या. तो पाडून तिथं आता आपण गाड्या लावतो. त्या जन्मभर सांगत आल्या, "युद्धात आम्ही बायकांनी रायफली केल्या." रायफलीचा मधला पोलादी भाग, ज्याला आपण रिसीव्हर म्हणतो, तो इथं व्हायचा आणि पूर्वेकडच्या एका टाइपरायटर कंपनीकडे जायचा. कंपनी त्यावर आपलं नाव ठोकायची. बनवणारे हात कुणाचे आणि नाव कुणाचं!

गावानं त्यांना काय उत्तर दिलं? फिंचसाहेब, तुम्ही तेव्हा संग्रहालयात नव्हता, पण उत्तर तेच राहिलं. "आजी, तुम्ही कॅन केलेत, कॅन." त्यांची नातवंडंसुद्धा जेवताना चेष्टा करत, "आजी, बटाटे वाढ, की तेही पूर्वेकडे पाठवलेस?"

पण बाईंनी एक खूण सांगून ठेवली होती. माप तपासून झालं की कामाच्या शेवटच्या टेबलाशी त्या स्वतः रिसीव्हरवर एक बारीक त्रिकोण ठोकायच्या. मागची नेम धरायची पट्टी बसली की तो तिच्याखाली झाकला जायचा. मार्लिसनं त्या त्रिकोणासाठी तीन राज्यांतली रायफलींची प्रदर्शनं पालथी घातली. प्रत्येक टेबलापाशी जाऊन ती विचारायची, "ही पट्टी जरा काढून दाखवता का?" लोक हसायचे. शेवटी इंडियानात सरमिसळ भागांच्या एका रायफलीवर तिला तो त्रिकोण सापडला. ती विकत घेऊन मार्लिस गाडीत बसून रडली. तिनं मला स्वतः सांगितलं हे.

ती घेऊन मार्लिस संग्रहालयात गेली, तर फिंचसाहेब म्हणाले, वस्तू बघतो, पण आधी जाणकाराचा दाखला आणा. रास्त बोलणं. जाणकार कोण? रॉइस. मार्लिस त्यांच्याकडे रायफल ठेवून आली, म्हणाली, "मिस्टर हॅवरकँप, ही खरी कुणी बनवली ते लिहून द्या."

आणि रॉइस यांनी माया केली! खरंच, मायेपोटीच केलं, दाम घेतला नाही. सगळे परके भाग काढून टाइपरायटर कंपनीचे बसवले, लाकूड बदललं, पोलादाला नवा राखाडी मुलामा दिला. मार्लिस घ्यायला गेली तेव्हा रायफल नवरीसारखी सजलेली होती. तिनं पट्टीखाली बघितलं.

"इथली खूण कुठे गेली?"

"अगं, ती घाण होती. कुणा अडाण्यानं खिळ्यानं ओरखडलं होतं. या कंपनीच्या मालावर तसलं काही नसतं. घासून काढली मी. बघ, कशी लखलखतेय!"

"मिस्टर हॅवरकँप, ती माझ्या आईनं ठोकली होती."

आठवड्यानं फिंचसाहेबांनी रॉइसना विचारलं, तर उत्तर बदललं होतं. तिथं काही नव्हतंच म्हणे. ओरखडाही नव्हता. मुलीला भास झाला असेल. झाकली मूठ सव्वा लाखाची! एक त्रिकोण कबूल केला, तर आजवर घासलेल्या बाकी पट्ट्यांखाली काय काय होतं, हे लोक विचारणारच की.

मी गेलो त्यांच्या घरी. म्हटलं, "रॉइस, तू तो त्रिकोण पाहिलास."

"दातवाल्या, तू जबड्यात लक्ष घाल. एका म्हातारीच्या गप्पांसाठी मी क्लबाचं नाव घालवू?"

"तिची आयुष्याची गोष्ट आहे ती."

"आणि माझी? निरोपाचा केक सांगून झालाय, एमेट."

केक! मंडळी, मी चाळीस वर्षं लोकांची कुजलेली तोंडं उघडून पाहिली, पण अशी शिसारी मला कधी आली नाही. आणि ती एकट्या रॉइस यांची नाही. ती रायफल क्लबाच्या बैठकीत आली, तेव्हा तुम्ही काय केलंत? रायफल फिरवून पाहिलीत, जिभल्या चाटल्यात, "वा, काय शुद्ध झालीय!" म्हणालात. माझा छोटा आरसा मी पट्टीखाली धरला होता. घासलेला खड्डा तिथं स्पष्ट दिसतो. पण खड्डा दिसला म्हणून त्यात काय होतं, ते कसं सांगणार? मार्लिसचा शब्द घरचा म्हणून चालत नाही. घरच्यांखेरीज तो त्रिकोण पाहिलेला एकच माणूस आपल्याला ठाऊक आहे, आणि तो शनिवारी जातोय.

गेल्या रविवारी मार्लिसनं ती रायफल आईच्या मांडीवर ठेवली. काय झालं ते तिच्यानं आईला सांगवलं नव्हतं. म्हातारीला डोळ्यांनी कमी दिसतं. तिनं पट्टीखाली नख घातलं आणि चाचपत राहिली. पुष्कळ वेळ चाचपलं. मग विचारलं, "मार्लिस, ही आमची नाही का गं?" म्हातारी म्हणाली, "लोक म्हणतात तेच खरं असेल. मीच काहीतरी धरून बसले." नव्याण्णवाव्या वर्षी, मंडळी, बाई स्वतःच्या हातांवर अविश्वास दाखवायला लागली. हे आपलं कार्य. याचा गौरव करायला मला उभं केलंय.

असो. समितीचे, स्वयंपाकघरातल्या मंडळींचे आणि इतका वेळ खुर्च्या न वाजवता बसलेल्या तुम्हा सर्वांचे आभार. बोलण्याच्या भरात अधिकउणं बोललं गेलं असेल तर वक्त्यानं पदर पसरायचा असतो. मीही पसरतो, पण तो तुमच्यापुढे नाही. ॲडेलाबाई, या हॉलच्या वतीनं तुमची माफी मागतो.

आता सत्कारमूर्तींनी चार शब्द बोलायचे आहेत. फिंचसाहेब समोर आहेत, साक्षीला अख्खा क्लब आहे. ये रॉइस, माईक घे. पट्टीखाली काय होतं, एवढंच सांग. आणि जरा मोठ्यानं बोल, बाईंना कमी ऐकू येतं.