पाचवा शब्द

ग्रिसेल्दा: काका, रक्त उपाशीपोटी द्यायचं म्हणून मी तीनदा फोन केला होता.

एवारिस्तो: उपाशीच आहे, पोरी.

ओतिलिया: मिशीवरची साखर पूस आधी, म्हाताऱ्या.

एवारिस्तो: ती कालची असेल.

ग्रिसेल्दा: रक्तातली साखर दोनशे बासष्ट आलीय, काका. आजचीच आहे.

ओतिलिया: गोळी विसरतो, लग्नाचा वाढदिवस विसरतो. पण गोड पाव धुण्याच्या मशीनमध्ये लपवला, तरी बरोबर हुडकून काढतो!

एवारिस्तो: हे लिही, ग्रिसेल्दा. स्मरणशक्ती शाबूत.

ग्रिसेल्दा: तीच तपासायला आलेय. आपल्या लारेदो गावच्या लोकांत साखर आणि विसरणं जोडीनं वाढतं का, याचाच अभ्यास चाललाय आमचा.

एवारिस्तो: अभ्यास कर, पण मला सही-शिक्क्याचा कागद दे. रविवारी चर्चमध्ये दाखवायचाय.

ओतिलिया: तीस वर्षं लोतेरियाच्या खेळात चित्रांची पानं कोडी घालून हाच पुकारतो ना! गेल्या रविवारी कोंबडा दोनदा पुकारला. सगळा हॉल हसला. आता फादर म्हणतात, पानं फाउस्तिनोकडे द्या.

एवारिस्तो: फाउस्तिनो! तो पान पुकारतो की मयताची बातमी सांगतो, कळत नाही. पोरी, माझ्या हातातून ती पानं गेली ना, तर मी संपलो बघ.

ग्रिसेल्दा: बरं, ऐका. मी पाच शब्द सांगते...

एवारिस्तो: कंदील, बकरी, खुर्ची, लिंबू, घंटा!

ग्रिसेल्दा: अहो, मी अजून तोंडही उघडलं नाही!

ओतिलिया: तरी मी म्हणत होते, जरा थांबून सांग.

ग्रिसेल्दा: काकू, तुम्हीसुद्धा?

ओतिलिया: अगं, परवा फाउस्तिनोची चाचणी झाली. त्यानं चर्चच्या पायरीवर सगळ्यांना शब्द वाटले. एकमेकांना मदत नको करायला?

ग्रिसेल्दा: देवा! म्हणून अख्ख्या लारेदोची स्मरणशक्ती इतकी उत्तम! मी दुसरी यादी घेते. काकू, तुम्ही आमच्याकडे पाठ करून खिडकीशी उभ्या राहा. ओठ हलवायचे नाहीत. काका, ऐका. शिडी, कबूतर, मीठ, टोपी, नदी. आता वीसपासून उलटे आकडे म्हणा.

एवारिस्तो: वीस, एकोणीस, अठरा...

(आकडे एकापर्यंत येतात.)

ग्रिसेल्दा: छान. आता मघाचे शब्द?

एवारिस्तो: शब्द... थांब. थांब हं. पोरी, पुकारून सांगितले तर चालतील?

ग्रिसेल्दा: कसेही सांगा.

एवारिस्तो: सासूबाई चढल्या, उतरायचं नाव नाही... शिडी! चर्चमध्ये फुकट राहतं, वर्गणी देत नाही... कबूतर! डॉक्टरनं बंद केलं नि घरात भांडण लागलं... मीठ! खाली काही नसलं तरी वर शोभते... टोपी!

ग्रिसेल्दा: वा, काका! आणि पाचवा?

एवारिस्तो: पाचवा... अगं, आत्ता होता. जिभेवरच होता.

ग्रिसेल्दा: घाई नाही.

एवारिस्तो: नाही येत. जीव घाबरतो गं असं झालं की. माझंच घर, आणि एक खोली सापडत नाही.

ग्रिसेल्दा: चार पुष्कळ आहेत, काका. पानं पुकारायला हरकत नाही, असं मी स्वतः फादरना सांगेन. पण ती साखर उतरवा. पुढच्या वर्षीही मला चार हवेत.

एवारिस्तो: खरंच सांगशील? मग इस्त्रीच्या खोक्यात अजून दोन पाव आहेत. घेऊन जा ते.

ओतिलिया: झालं का तुमचं? माझे पाय दुखले इथे नदीकडे बघत उभं राहून.

एवारिस्तो: नदी! पाचवा नदी!

ग्रिसेल्दा: तो नाही धरता येणार. काकूंनी सांगितला.

ओतिलिया: मी कुठे सांगितला? मी मघापासून मनात जुळवतेय. मला तीनच आठवतायत.

एवारिस्तो: तीनच?

ओतिलिया: आणि मी तर पावही खाल्ला नाही.

एवारिस्तो: ग्रिसेल्दा, आणखी एक कोरा कागद काढ. ओतिलिया, तू ये. इथे माझ्याजवळ बस.