नववं घर

नाय बाई, कागद नाय माझ्याकडं. किती डाव सांगू? वाळवीनं खाल्ले म्हण, पाण्यात भिजले म्हण, काय म्हणायचं ते म्हण अन् तुझ्या बापाला जाऊन सांग. बस ना, उभी का — त्या शाली सरकव तिकडं अन् बस. चहा घे. एवढ्या उन्हात चितेगावहून आलीस, चहा न पिता गेलीस तर माझ्या जिवाला लागंल. बन्सीभाऊची लेक तू. नाक तसंच आहे, तू नाव सांगायच्या आधीच ओळखलं मी. खाणं सुटलं म्हणतीस त्याचं? — हां. डॉक्टरनं घरी न्या म्हणून सांगितलं. अन् डोळे मिटायच्या आधी त्याला पाच नंबरचा कागद बघायचाय. आपण कुठं चुकलो ते आपल्या बोटानं मोजायचंय. अडतीस वर्षं झाली, अन् ह्याचं मोजणं अजून चालूच!

तुला काय सांगितलं त्यानं? — एवढंच? माझ्या काठीनं एका माणसाचं वाटोळं झालं म्हणला, बस? बाकी काय नाय? मंग तुला काय कळणार कागद कसला अन् घर कसलं. ऐक. माझे अब्बा, युसूफमियाँ, हिमरू शालींचे नक्षे काढायचे. शाल विणायच्या आधी फूल-पान कागदावर उतरतं, चौकोनाच्या कागदावर — घरात रंग भरला की तिथं रंगीत धागा, घर कोरं की तिथं नाय. विणणाऱ्याचे हातपाय मागात, तो कागद कुठून बघणार? म्हणून शेजारी बसून कुणीतरी मोठ्यानं वाचायचं. ते काम माझं, सात वर्षांची होते तवापासून. अब्बांचा कागद उजवीकडून वाचायचा, उर्दूसारखा. अन् मी मराठी शाळेतली. पहिल्या दिवशी मी आपली डावीकडून सुरू केलं — आख्खी वेल शालीवर उलट्या तोंडाची उतरली! अब्बांनी पट्टी मारली इथं, बोटांवर. ती एकच डाव. त्याच्यानंतर मी कधी चुकले नाय. झोपेतून उठवलं तरी उजवीकडून वाचीन.

मंग नानासाहेब आले. वैजापूरकडच्या मोठ्या जमीनवाल्याचं पोर, विलायतेत चित्रकला शिकून आलेलं, केस मानेपर्यंत. शाल घ्यायला आले अन् कागदांपुढंच उकिडवे बसले. घंटाभर. म्हणले, युसूफमियाँ, हे नुसतं विणायचं नाय, हे वाजवायचं, हे नाचायचं. आम्ही हसलो! पण माणूस लई जिद्दी. अब्बांकडून सात कागद करून घेतले — बदाम, पान, वेल, असं. एकेका कागदावर दोन ओळी, एकेका ओळीत एकवीस घरं. वरची ओळ एका लाठीवाल्याची, खालची दुसऱ्याची. लाल घर म्हणजे मार — डोक्याच्या उंचीवर आडवा फटका, पुऱ्या ताकदीनं. काळं म्हणजे एकदम खाली बैस. पांढरं म्हणजे ताठ उभा राह्य, हलू नको. घरागणिक हलगीचा एक ठोका. अन् दोघांच्या डोळ्यांवर पट्टी! मी म्हणलं, अहो नानासाहेब, मरंल की कुणी. तर म्हणले, कागद वाचवतो रईसाबी. युसूफमियाँनी भरलंयच असं, की एकाचं लाल तिथं दुसऱ्याचं काळं, नाहीतर लालच — काठी काठीवर. लालापुढं पांढरं कुठंच नाय. फटका हळू मारायचा नाय, खोटा फटका कानाला कळतो म्हणायचे.

अन् कोणता कागद खेळायचा ते सात कवड्या ठरवणार. तिथंच, लोकांसमोर टाकायच्या, जेवढ्या उताण्या पडल्या तेवढ्या नंबरचा कागद. म्हणजे पाठ करून कुणी यायचं नाय. लाठीवाले दोन. एक तुझा बाप, मुकुंदवाडीचा, तालमीतला, तेवीस वर्षांचा, हाताला असा हिसका की काठी दिसायचीच नाय. अन् दुसरा शफीक. — शफीक म्हणजे माझा नवरा. नाव घेत नव्हते मी त्याचं, मेला तरी घेतलं नाय. आज घेते. अब्बांच्याच मागावर विणायचा, अन् मोहरममधे आमच्या गल्लीची लाठी त्याची. आता नवऱ्याला मी नावानं हुकूम सोडणार कशी सगळ्या गावादेखत? म्हणून शफीकची खालची ओळ अब्बा वाचणार अन् बन्सीभाऊची वरची मी. बन्सीभाऊला कागद येत नव्हता, मीच शिकवला. उजवीकडून, बोट ठेवून. तो म्हणायचा, रईसाबी, तुम्ही सांगा, मी मारतो, मला डोळ्याची गरज नाय.

पी ना चहा. साय धरली बघ.

तर झालं असं, की चौथ्या खेळाला, चौऱ्याहत्तर साल, बागेतल्या चौथऱ्यावर, भर दुपारी, चार-पाचशे माणूस — बन्सीभाऊ एक घर चुकला. बस. माणूस चुकतो. नवव्या घराला शफीक उभा होता अन् तुझ्या बापाची काठी त्याच्या कानाच्या वर बसली. नारळ फोडल्यावर होतो तसला आवाज. हलगीवाला पुढचा ठोका वाजवून मोकळा, त्याला कळलंच नाय. शफीक उभाच्या उभा, पट्टी बांधलेला, अन् पट्टीखालून लाल यायला लागलं, मंग नाकातून, मंग गुडघे गेले. अन् तुझा बाप पट्टी बांधूनच उभा होता, पुढचं घर ऐकायला! हाक येईना म्हणून म्हणतो, रईसाबी, सांगा की, पुढं काय?

मंग गर्दी चौथऱ्यावर चढली. आमच्या गल्लीची पोरं होती, ह्यानं मुद्दाम मारलं, ह्यानं मुद्दाम मारलं म्हणत तुटून पडली त्याच्यावर. त्याचीच काठी घेऊन त्याच्यावर मोडली. तीन दिवस ठाण्यात. तळव्यावर मारलं म्हणे, मनगट मोडलं — ते वाकडंच राहिलं ना? — हां. लाठी गेली त्याची. फौजदारानं मला विचारलं, बाई, तुम्ही काय वाचलं होतं? मी म्हणलं, पांढरं. तो चुकला असंल. पदर डोक्यावर, डोळ्यात पाणी, कोण नाय म्हणंल? अब्बांनी सांगितलं, खेळात झालं साहेब, वैर नाय, म्हणून सोडला त्याला. झाली गोष्ट. कागद नाय. जा आता, बस निघून जाईल तुझी.

— काय करतो म्हणलीस? भिंतीवर? रोज?

खाटंवर पडल्या पडल्या बोटानं एकवीस मोजतो, अन् नववं आलं की थांबतो, अन् म्हणतो मी तर ऐकलं होतं लाल. मी तर ऐकलं होतं. — बास. बास कर बाई. माझ्यापुढं नको करून दाखवू ते बोट. खाली घे हात! खाली घे म्हणते ना!

माझ्याकडं बघ. हे बोट बघ, हे वाकडं. हे धोट्यानं मोडलंय. धोटा माहीत आहे ना, मागावर इकडून तिकडं फेकतात तो, लाकडाचा, टोकाला लोखंड. शफीक तो फडक्यात गुंडाळून मारायचा, वळ उठू नये म्हणून. दोन वर्षं. भाकर करपली — मार. शाल बिघडली — मार. काय झालं नाय, तरी मार. पाचवा महिना होता मला, पोटावर लाथ घातली, मागाच्या खड्ड्यात पडले मी, तिथंच झालं माझं पोर. मुलगा होता. तळहातावर मावला असता. अब्बांकडं गेले तर अब्बा म्हणले, बेटा, निभाव. त्याच्यावाचून माग बंद पडंल. त्या दिवशी मला शफीकपेक्षा अब्बांचा राग जास्त आला, आज कबूल करते. अन् तोच शफीक चौथऱ्यावर गेला की टाळ्या! बायका म्हणायच्या, नशीबवान आहेस रईसा. नशीबवान!

व्हय, उलटं वाचलं मी. बन्सीभाऊची ओळ मी डावीकडून वाचली त्या दिवशी. त्याला लालच सांगितलं होतं मी. त्यानं बरोबर ऐकलं, बरोबर मारलं, घरसुद्धा चुकला नाय तुझा बाप. — आता कळलं? पण मी काय म्हणते, मी कुठं ठरवलं होतं? मी बाजू बदलली, बस. मराठी शाळेतली पोर, गेली नजर डावीकडं, होतं की नाय असं? अन् कागद तर कवड्यांनी काढला, माझ्या हातात काय होतं? सहा पडल्या असत्या, तीन पडल्या असत्या, काय झालं नसतं. नुसती काठीवर काठी, नाहीतर हवेत.

असं का बघतीस? — मला कसं ठाऊक सहाला, तीनाला काय झालं असतं?

हं.

मोजलं होतं म्हणून ठाऊक. चिंचोके घेतले, लाल ते लाल, सोललेले ते पांढरे, काळ्याला खडे. चुलीपुढं बसून सातही कागद मांडले, एक ओळ सुलटी, एक उलटी. सहा कागदांत काहीच होत नाय. पाच नंबरात, बदामाच्या कागदात, नवव्या घराला लालापुढं पांढरं येतं. आधीची आठ घरं कुणाला पत्ता लागत नाय अन् नववं — खेळ तर चारही पोर गेल्यानंतरचेच. पहिल्याला तीन पडल्या. मी सरळ वाचलं. दुसऱ्याला एक. सरळ वाचलं. तिसऱ्याला परत तीन. घरी आलो तर त्यानं केसाला धरून मला उंबऱ्यावर आपटलं, का, तर कागद वाचताना बन्सीच्या नावानं आवाज गोड होतो म्हणून. चौथ्याला नानासाहेबांनी कवड्या फेकल्या, मी मोजल्या. एक, दोन, तीन, चार — पाचवी काठावर उभी राहिली. कलंडली. उताणी. मी मनात म्हणलं, अल्लाह, तूच पाडलीस. अन् डावीकडून सुरू केलं. आठ घरं वाचेपर्यंत थांबता आलं असतं. आठदा. माझा आवाज हलला नाय.

अब्बांनी ऐकलं. शेजारीच बसले होते, त्यांना कळणार नाय? मरेपर्यंत परत कागद माझ्या हातात दिला नाय. अन् शफीक — बाहेरच्या लोकांना वाटतं तो तिथंच मेला. अकरा वर्षं जगला! अर्धं अंग गेलं, वाचा गेली. चमच्यानं पेज घातली मी त्याला, गू-मूत काढलं. गल्लीतले म्हणायचे बायको असावी तर अशी. एका हाताचं बोट तेवढं हलायचं. खाटंवर चौकटीची चादर होती, अन् दुसऱ्या वर्षी बघते तर बोट त्या चौकटींवर चाललंय — एकेक घर, नऊपर्यंत — डावीकडून. विणकर होता ना, पडल्या पडल्या शोधून काढलं त्यानं. नवव्या घरावर बोट ठेवून माझ्याकडं बघायचा. दुसऱ्या दिवशी मी चादर बदलली. पांढरी घातली, कोरी. नऊ वर्षं पांढरीच.

त्याचं मला काय नाय वाटत. खरं सांगते, नाय वाटत, आज आला तरी परत वाचीन. पण तुझा बाप — तो पट्टी बांधून उभा होता अन् मला विचारत होता पुढं काय. त्याला मी त्या गर्दीत तसाच सोडला. नंतर एकदा आला होता अब्बांच्या दुकानाच्या दारात, हाताला पट्ट्या, म्हणला, रईसाबी, तुमचं घर मोडलं मी, माफ करा. अन् मी माफ केलं म्हणाले. ऐकलंस का? माफ केलं म्हणाले मी त्याला.

उठ. त्या खालच्या फळीवरची पत्र्याची पेटी ओढ. उघड. वरच्या शाली काढून टाक, पडू दे खाली. तळाशी बघ — तोच. बदाम. वाळवी कुठली लागतीय, मी दर सालाला कडुलिंबाचा पाला बदलते. एक सांग, भिंतीवर तो मोजतो ते कुठून मोजतो? — उजवीकडून. व्हय. मीच शिकवलं होतं. तिकडून मोजून जन्मात सापडायचं नाय त्याला. हा कागद त्याच्या हातात दे अन् म्हण, वरची ओळ डावीकडून मोज. एवढंच. बाकी त्याचं तो मोजंल.

ठेव तो कप. ठेव म्हणते ना खाली. माझ्या घरचा चहा पिऊ नको तू. जा.