बोललं की निभवायचं

आजच्या समारंभाच्या अध्यक्षस्थानी असलेले आमचे मॅनेजरसाहेब, मंचावरचे मान्यवर पाहुणे, बाईंच्या घरची सगळी मंडळी, लाँड्रीपासून मुख्य दारापर्यंत या हॉटेलात राबणारे माझे सहकारी, आणि आज कधी नव्हे त्या खुर्चीवर स्वस्थ बसलेल्या आमच्या बाई, सर्वांना माझा नमस्कार.

मला बजावलंय, थोडक्यात आटप. पण हाउसकीपिंगच्या प्रमुख काय रोज निवृत्त होतात? साहेब, घड्याळाकडे बघू नका, मी आज ऐकणार नाही.

बाईंनी आम्हाला इंग्रजी शिकवलं हे सगळे जाणतात. कसं शिकवलं, ते पाहुण्यांना सांगते. जेवणाच्या सुट्टीत आम्ही चादरींच्या खोलीत गठ्ठ्यांवर बसायचो. बाई रोज एकच वाक्य द्यायच्या, पुस्तकी नाही, माणसं येताजाता बोलतात तसलं. आणि अट घालायच्या, बोललं की निभवायचं. ‘आय विल गिव्ह यू अ हँड’, म्हणजे मी हातभार लावते, असं म्हटलं की संध्याकाळच्या आत कुणाला तरी खरोखर हातभार लावायचा. त्या दिवशी आमच्या इस्त्रीवाल्या काकांनी दिसेल त्याला हातभार लावून भंडावून सोडलं. स्वयंपाक्याने शेवटी त्यांच्यापुढे हात जोडले.

मला मात्र इंग्रजी हौसेखातर नको होतं. लाँड्रीच्या वाफेने मला धाप लागायला लागली होती. डॉक्टरांनी निक्षून सांगितलं, वाफेपासून लांब राहा. म्हणजे एकतर वर काउंटरवर जागा मिळवायची, नाहीतर घरी बसायचं. आणि घर तर माझ्याच पगारावर चालायचं.

मुलाखतीच्या दिवशी सगळी लाँड्री माझ्या मागे. जो तो येऊन एकेक वाक्प्रचार कानात कोंबून गेला. साहेबांनी अगदी सोपं विचारलं, नाश्ता किती वाजता सुरू होतो? मी ठणकावून म्हटलं, ‘टू बी ऑनेस्ट, अ‍ॅट द एंड ऑफ द डे, ब्रेकफास्ट इज अ पीस ऑफ केक.’ खरं सांगायचं तर, सरतेशेवटी, नाश्ता म्हणजे हातचा मळ! हसा, हसा. साहेब तेव्हाही असेच हसले होते, फाइल तोंडासमोर धरून. माझं मात्र अवसानच गळालं.

इतक्यात बाहेर कुणाचा तरी आवाज चढला. एक वृद्ध पाहुणे फिरून परत आले, तर त्यांची खोली रिकामी. पत्नीच्या छातीत दुखू लागलं म्हणून तिला नुकतंच हॉस्पिटलात नेलं होतं. आजोबा भराभरा इंग्रजी बोलत होते आणि काउंटरवरची मुलगी बिचारी एकटी, हातात दोन फोन. मी मुलाखत सोडून बाहेर गेले, त्यांच्याशेजारी उभी राहिले आणि म्हटलं, ‘लीव्ह इट विथ मी.’ माझ्यावर सोडा.

बोलले तर खरी, आता निभवायचं होतं. हॉस्पिटल कोणतं ते विचारून घेतलं, गाडी बोलावली, वर जाऊन आजींचा चष्मा आणि औषधं आणली, आजोबांना हाताला धरून गाडीत बसवलं. वळून बघते तर साहेब दारात. म्हणाले, उद्यापासून काउंटरवर या.

मी जिने उतरले नाही, उडत आले. चादरींच्या खोलीत एका दमात सगळं सांगून टाकलं. काकांनी इस्त्री बाजूला ठेवून टाळ्या पिटल्या. बाई तेवढ्या हलल्या नाहीत.

“आजी कशा आहेत?”

मला कुठे माहीत होतं?

“मग तुझं अजून निभलेलं नाही. जा वर.”

खोटं कशाला बोलू, मी मनातून चिडले. पण गेले. फोन लावला, बराच वेळ वाजत राहिला, मग आजोबांचा आवाज आला. आजींचा धोका टळला होता. चष्मा लावून त्या बसल्याही होत्या. आजोबा रडायला लागले, मीही रडायला लागले, आणि दोघांपैकी एकालाही इंग्रजी सुचेना.

मागे वळले, तर जिन्यात बाई आणि त्यांच्यामागे अख्खी लाँड्री. मी मान डोलावली. तेव्हा बाईंनी मला पोटाशी धरलं आणि म्हणाल्या, “आता अभिनंदन.”

बाई, लगेच तुम्ही घड्या घालायला खाली गेलात, त्यामुळे आभार राहूनच गेले. ते आज मानते. अध्यक्षांचे, पाहुण्यांचे आणि मला बोलू देणाऱ्या सगळ्यांचेही मानते. बोलण्यात मानपान, क्रम काही चुकला असेल तर सांभाळून घ्या. आवाज जरा जास्तच चढला असेल, तर त्याचा जाब मात्र बाईंना विचारा. एवढं ओरडून मला धाप लागली नाही, हे त्यांचंच काम आहे.