कोणी उचलेना

मोझरीला एक बाई आपल्या तरुण भावाचा हात धरून एसटीत चढली. दोघं माझ्या पुढच्याच बाकावर बसली.

"किशोर, दिवसभर फोन काहून नाही उचलला?"

"ताई, सकाळी घेतलेले शेअर इकाचे होते. भाव पडून राहिला होता अन् ॲपच अडकलं. ॲपवाल्या कंपनीले फोन लावला, तं तिथं कोणी उचलेना."

"म्हणून तू आमचाबी नाही उचलला?"

"काय सांगू, तेच समजेना. आश्रमात येऊन बसलो, तं झोप लागली."

"झोपला होता! अन् बाबा तुले दोनदा विहिरीत पाहून आले."

"विहिरीत? ताई, मी असा आहो काय?"

"शेजारचा गजाननबी तसा नव्हता रे."

"रडू नको न."

"रडून नाही राहिली. हासून राहिली."

"ते ॲप काढून टाकतो. ब्रोकरेज कमी म्हणून घेतलं होतं. आता दुसरं पाहतो."

"पाय. पण आधी त्याईले फोन लावून पाय. माणूस बोलला, तरच खातं उघडजो."

"अन् ब्रोकरेज जास्त असलं तं?"

"असू दे. आता बाबाले लाव."

"हॅलो, बाबा? हो, मीच… हो, ताई हाये संगं… नाही, जेवलो नाही अजून."